अंडरग्रॅडच्या मजल्यावर एक वर्ष : ग्रॅज्युएट रेसिडेंट होण्याचा अनुभव

अमेरिकेत पीएचडी करणाऱ्यांना दर हिवाळ्यात विद्यापीठाच्या हाउसिंग विभागाकडून एक मेल येतो : 'ग्रॅज्युएट रेसिडेंट हवेत.' बहुतेक जण तो न उघडताच उडवतात. पहिली दोन वर्षं मीही उडवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मात्र घरमालकाची भाडं ११०० वरून १२५० डॉलर करत असल्याची चिठ्ठी आणि हा मेल एकाच आठवड्यात आले, म्हणून उघडला. मार्गदर्शन करण्याची हौस वगैरे नव्हती, कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या खोलीचा मोह होता. मे २०२५ मध्ये वर्ष संपलं. मधल्या काळात मला जे कुणी सांगितलं नाही आणि इकडून तिकडून गोळा करावं लागलं, ते इथे सलग लिहून ठेवते.

आधी काम काय ते. अंडरग्रॅड म्हणजे पदवीच्या मुलांच्या हॉस्टेलात प्रत्येक मजल्यावर आरए (रेसिडेंट असिस्टंट, मजल्यावर लक्ष ठेवणारा विद्यार्थी) असतो, पण तोही एकोणीस-वीस वर्षांचा अंडरग्रॅडच. काही विद्यापीठांत त्याच्या जोडीला एखादा पीएचडीचा विद्यार्थी त्याच इमारतीत राहायला ठेवतात. नावं जागोजागी वेगळी : प्रिन्स्टनमध्ये रेसिडेंट ग्रॅज्युएट स्टुडंट, एमआयटीत ग्रॅज्युएट रेसिडेंट अ‍ॅडव्हायझर, हार्वर्डला रेसिडेंट ट्यूटर. ही पद्धत मुळात ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांवरून उचललेली. एडवर्ड हार्कनेस या श्रीमंत गृहस्थांच्या देणगीतून हार्वर्डमध्ये १९३० साली पहिली 'हाउस' उघडली आणि १९३३ साली येलमध्ये रेसिडेन्शियल कॉलेजं सुरू झाली. मुलं जिथे जेवतात-झोपतात तिथेच शिकणारी मोठी माणसंही असावीत, एवढीच त्यामागची कल्पना. माझं विद्यापीठ यांपैकी नाही, पण नमुना तोच.

अर्ज जानेवारीत उघडणार होता. त्याआधी मी इंटरनॅशनल ऑफिसला गेले, आणि तुम्हीही आधी तिथेच जा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. पूर्ण टीए-शिप (प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करण्याचं पगारी काम) म्हणजे २० तास, म्हणजे कोटा तिथेच संपला. 'पण इथे पगार असा कुठे आहे, मुख्यतः खोलीच तर मिळते,' असं मी तिथल्या डीएसओ (व्हिसाचे नियम बघणाऱ्या अधिकारी) बाईंना म्हणून पाहिलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की कामाच्या बदल्यात मिळालेली खोली हा मोबदलाच, तास मोजले जाणार. माझ्या बाबतीत सुटका एवढ्यामुळेच झाली की २०२४-२५ हे माझं फेलोशिपचं वर्ष होतं. त्या पैशांच्या बदल्यात टीए-शिप किंवा कसलंच काम नव्हतं, त्यामुळे २० तास मोकळे होते. ज्यांची फेलोशिप नाही, त्यांना विभागाकडून अर्धी टीए-शिप मागावी लागते आणि स्टायपेंड तेवढा कमी होतो. मग खोली 'फुकट' राहत नाही, हा हिशेब कागदावर मांडूनच अर्ज करावा. जाताना कामाचं वर्णन छापून न्या आणि उत्तर मेलवर मागा. तोंडी 'चालेल' पुढे कुणाला दाखवता येत नाही.

अर्जाला दोन छोटे निबंध, रेझ्युमे, दोन संदर्भ आणि गाइडची लेखी संमती लागली. संमती हाच खरा घाट. माझे गाइड स्वभावाने भले आहेत, पण त्यांनी एकच प्रश्न विचारला : रात्री तीनला फोन वाजला, तर सकाळी नऊच्या ग्रुप मीटिंगला काय होईल? ड्यूटीचं वेळापत्रक महिनाभर आधी लागतं आणि अदलाबदल करता येते, हे मी आधीच्या एका रेसिडेंटकडून विचारून घेतलं होतं. ते सांगितल्यावर त्यांनी सही केली. गाइडकडे जाताना उत्साह नेऊ नका, वेळापत्रक न्या.

फेब्रुवारीत मुलाखती झाल्या. पहिली हाउसिंगच्या लोकांबरोबर, ती कुठल्याही नोकरीच्या मुलाखतीसारखीच, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुसरी मुलांच्या पॅनेलपुढे. पाच अंडरग्रॅड समोर बसलेले, त्यातला एक तर पायजम्यात. त्यांचे प्रश्न जास्त टोकदार होते. 'तुम्ही दिवसभर लॅबमध्ये असाल, मग आम्हाला दिसणार कधी?' 'मी बारा वाजेपर्यंत गोंगाट केला तर तुम्ही स्वतः येऊन सांगाल की आरएला पाठवाल?' आणि शेवटी, 'हे काम का हवंय?' खोली हवी आहे म्हणून, असं मी सांगितलं, आणि मग उरलेलं सांगितलं. तरुण मुलांना बनावट उत्साह लगेच कळतो.

मार्चमध्ये ऑफर आली, पण 'बॅकग्राउंड चेक'च्या अटीवर. हे काम विद्यापीठाने बाहेरच्या एका कंपनीला दिलेलं. गेल्या सात वर्षांतले सगळे पत्ते भरायचे होते. माझे त्यातले निम्मे भारतातले, आणि फॉर्ममधल्या चौकटीत पाचच आकडे बसत होते. आपला पिनकोड सहा आकडी. शेवटचा आकडा खाल्ला तर पत्ता चुकीचा, पूर्ण घातला तर पान पुढे सरकेना. हेल्पलाइनवर तास घालवल्यावर कळलं, की परदेशी पत्त्याला पाच शून्यं टाकायची आणि खरा पिनकोड शहराच्या नावापुढे लिहायचा. या एका चौकटीपायी ऑफर पक्की व्हायला एप्रिल उजाडला. भारतातल्या विद्यापीठाकडून पडताळणी लागली तर आणखी वेळ जातो; पदवीच्या कागदांची स्कॅन केलेली प्रत हाताशी ठेवा.

करारपत्र सावकाश वाचावं असं सगळेच म्हणतात. मी नेमकं काय वाचावं ते सांगते. एक, काम सुटलं तर खोली किती दिवसांत सोडायची. माझ्या करारात चौदा दिवस होते. घर आणि नोकरी एकाच धाग्याला बांधलेली असतात, हे सही करताना डोक्यात असू द्या. दोन, हिवाळ्याच्या सुट्टीत इमारत बंद होते का आणि झाली तर तुम्ही कुठे राहायचं. तीन, मील प्लॅन फक्त सत्रापुरता आहे का (माझा होता, थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि जानेवारी स्वतःच्या स्वयंपाकावर). चार, तुमच्याच मजल्यावरची मुलं तुम्ही शिकवत असलेल्या कोर्सला आली तर काय. आमच्याकडे साफ मनाई होती, आणि ते योग्यच आहे. त्याचं कारण पुढे येईल.

माझं जुनं घर ३१ जुलैला संपत होतं आणि नवी खोली १० ऑगस्टला मिळणार होती. मधले दिवस मैत्रिणीच्या सोफ्यावर काढले, सामान ८९ डॉलर महिन्याच्या स्टोरेजमध्ये. ते दहाच दिवसांसाठी मिळत नाही, पूर्ण महिन्याचे पैसे जातात. राहायला गेल्यावर दहा दिवसांच्या आत नवा पत्ता इंटरनॅशनल ऑफिसच्या पोर्टलवर टाकावा लागतो, तिथून तो सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीत जातो. हाउसिंगला पत्ता ठाऊक आहे, म्हणजे सगळ्या विद्यापीठाला ठाऊक आहे, असं नसतं.

ऑगस्टमध्ये दोन आठवडे प्रशिक्षण. अग्निशामक नळकांडं प्रत्यक्ष चालवून पाहिलं, ओव्हरडोसवर नाकात मारायचा नॅलोक्सोनचा फवारा कसा वापरायचा ते शिकवलं, ९८८ या संकटकाळातल्या हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये घालायला लावला. मग 'बिहाइंड क्लोज्ड डोअर्स' नावाचा प्रकार, तो अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी चालतो. जुने आरए वेगवेगळ्या खोल्यांत नाटक करत बसलेले असतात आणि तुम्ही एकेक दार ठोठावून आत जायचं. एका खोलीत दारू पिऊन झिंगलेला मुलगा, दुसरीत भांडणाऱ्या रूममेट, तिसरीत नुसती भिंतीकडे तोंड करून बसलेली मुलगी. नाटक आहे हे माहीत असूनही तिसऱ्या खोलीत माझा घसा कोरडा पडला.

पण प्रशिक्षणातली सगळ्यात अवघड गोष्ट एक वाक्य होतं. लैंगिक छळ किंवा अत्याचाराबद्दल कुणी सांगितलं, तर ते टायटल नाइन कार्यालयाला कळवणं आमच्या विद्यापीठात रेसिडेंटना बंधनकारक आहे. टायटल नाइन म्हणजे शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा कायदा. कुणाच्या जिवाला धोका असेल, तर तेही कळवावं लागतं. गुपित राखण्याची मुभा समुपदेशन केंद्राला आणि धर्मगुरूंना, आम्हाला नाही. म्हणून कुणी मन मोकळं करायला लागलं, की आधी सांगायचं : 'तू सांग, मी ऐकते, पण काही गोष्टी मला पुढे कळवाव्याच लागतात.' आपल्याकडे 'कुणाला सांगू नकोस हं' म्हटल्यावर 'छे गं, कशाला सांगेन' हे उत्तर तोंडातून आपोआप येतं. ते गिळायला शिकायचं.

ऑक्टोबरमध्ये, मिडटर्मच्या आठवड्यात, रात्री अकराला एक पहिल्या वर्षाची मुलगी दारात आली. (मुलांबद्दलचे तपशील मी सगळीकडे बदलले आहेत.) म्हणाली, 'एक सांगायचंय, पण कुणाला सांगायचं नाही.' मी ते वाक्य म्हटलं. ती क्षणभर उभी राहिली, 'मग राहू दे' म्हणाली आणि वळली. मी समुपदेशन केंद्राचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला, तिथे मात्र गोष्ट बाहेर जात नाही हेही सांगितलं. ती चिठ्ठी घेऊन गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या आठवड्यात ती परत आली, माझ्या टेबलाशी बसून ड्रायर कपडे जाळतो अशी तक्रार करत राहिली आणि जाता जाता म्हणाली, 'तो नंबर चालतो.' काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही. या नियमाबद्दल माझं मत स्वच्छ नाही. तो मुलांच्या रक्षणाइतकाच विद्यापीठाच्या रक्षणासाठी केलेला आहे, असं मला वाटतं. पण नियम आहे तर तो आधी सांगणं एवढी माणुसकी तरी आपल्या हातात असते. ऐकून घेऊन मग 'आता मला कळवावं लागेल' म्हणणं हा विश्वासघात.

दुसरी अवघड जागा म्हणजे पालक. शैक्षणिक नोंदी कुणाला दाखवायच्या याचा १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं, की त्या नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो. शिवाय मूल कसं वागतंय, दिसतंय याबद्दल रेसिडेंटने पालकांशी परस्पर बोलू नये, हा आमच्या विद्यापीठाचा नियम. नोव्हेंबरमध्ये एका आईचा फोन आला. नंबर कुठून मिळाला देव जाणे. माझं आडनाव ऐकून त्या थेट मराठीतच सुरू झाल्या : 'अगं, दोन दिवस झाले, फोन उचलत नाहीये. तू तरी सांग, जेवतो तरी का? कॅल्क्युलसचं काय झालं?' त्या मुलाला मी तासाभरापूर्वीच पिझ्झा खाताना पाहिलं होतं. 'काकू, मला त्याच्याबद्दल काही सांगता येत नाही, पण तुम्ही काळजीत आहात हा निरोप मी आत्ता जाऊन देते,' एवढंच म्हणता आलं. 'म्हणजे? तू आपल्यातली ना?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खरोखरच त्याच्या दाराशी गेले आणि आईला फोन कर म्हटलं. केला. पण काकूंचा आवाज बरेच दिवस कानात राहिला.

आता खरं मार्गदर्शन. ते गंभीर चर्चांमध्ये फार कमी होतं. होतं ते डायनिंग हॉलमध्ये, लिफ्टपाशी आणि रविवारी संध्याकाळी माझ्या खोलीत ठेवलेल्या 'स्टडी ब्रेक'मध्ये. सुरुवातीला सात-आठ मुलं यायची, ती खाण्यासाठी. खाऊन थांबायला लागली ती सप्टेंबरच्या शेवटी. मुलं माझ्याकडे का येतात, तर मला त्यांना मार्क देता येत नाहीत. प्राध्यापकाला जे विचारायची लाज वाटते, ते मला विचारता येतं : ऑफिस अवर्सना (प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत) जाऊन बोलायचं काय? ड्रॉप आणि विथड्रॉ यात फरक काय? (आमच्याकडे ठराविक तारखेआधी ड्रॉप केलेला कोर्स ट्रान्सक्रिप्टवरून, म्हणजे गुणपत्रकावरून, गायब होतो, नंतर सोडला तर त्याच्यापुढे डब्ल्यू उमटतो. या दोन तारखा मी दारावर मोठ्या अक्षरात लावल्या होत्या, आणि वर्षभरात मी केलेलं सगळ्यात उपयोगी काम बहुधा तेच.)

एक मुलगा आठवतो, घराण्यात कॉलेजला आलेला पहिलाच. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना मेल लिहायला त्याला दोन दिवस लागले होते. मला दाखवला, तर वरच्या तीन ओळी नुसत्या माफीच्या आणि प्रश्न अगदी तळाशी. आम्ही टेबलावर बसून त्या ओळी एकेक करून खोडल्या. शेवटी चार वाक्यं उरली : मी कोण, कुठला कोर्स, काय अडलंय, कधी भेटू. दहा मिनिटांत उत्तर आलं, तेही एका ओळीचं. तो ते पुन्हा पुन्हा वाचत होता. पीएचडीला आल्यावर माझ्या पहिल्या मेलची तऱ्हाही याहून वेगळी नव्हती.

ड्यूटीच्या रात्री बहुतेक कंटाळवाण्या. साधारण महिन्यातून चार. ड्यूटी फोन उशाशी, आणि रात्री दोनला मायक्रोवेव्हमध्ये जळलेल्या पॉपकॉर्नने वाजलेला अलार्म. सगळी इमारत थंडीत बाहेर, अर्धी मुलं चपलांवर. दारूचा प्रश्न जरा निराळा. इथे कायद्याने २१ वर्षांखाली दारू नाही, म्हणजे मजल्यावरच्या जवळजवळ कुणालाच नाही. तरी ती असते. आमच्याकडे 'मेडिकल अ‍ॅम्नेस्टी' आहे : मित्राची तब्येत बिघडली म्हणून मदत मागवली, तर मागवणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागवली त्याच्यावर पिण्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होत नाही. हे मी पहिल्याच मजला-बैठकीत सांगितलं आणि प्रत्येक मोठ्या वीकेंडआधी पुन्हा सांगितलं. फेब्रुवारीत एका रात्री दोन मुलांनी घाबरत का होईना, फोन केला. अ‍ॅम्ब्युलन्स आली, मुलगी दुसऱ्या दिवशी परत आली. मला रिपोर्ट लिहायला पहाटेचे चार वाजले. रिपोर्टात फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहायचं. 'ती नशेत होती' असं नाही. 'तिला उभं राहता येत नव्हतं, बोलणं समजत नव्हतं' असं.

पैशांबद्दल थोडं. स्टडी ब्रेकला सत्राला ४०० डॉलर मिळायचे, पण आधी स्वतःच्या खिशातून. परतावा मिळायला प्रत्येक वस्तू वेगळी दाखवणारी पावती लागते. नुसती कार्डाची चिठ्ठी चालत नाही. विद्यापीठाला विक्रीकर माफ असल्यामुळे आम्ही भरलेला कर परत मिळायचा नाही. करमाफीचं प्रमाणपत्र आधी मागून घेतलं की हे टळतं. परतावा कधी तीन आठवड्यांनी, कधी सहा. खोलीवर करही बसू शकतो, हे लक्षात ठेवा. कामाच्या जागीच राहणं ही नोकरीची अट असेल आणि ते मालकाच्या सोयीसाठी असेल, तर अमेरिकेच्या करकायद्यात त्या खोलीची किंमत उत्पन्नात धरत नाहीत. माझ्या करारात ही अट स्पष्ट लिहिलेली होती. तुमच्यात आहे का ते बघा. आणि पहिली पे-स्टब (पगाराची चिठ्ठी) नीट वाचा. एफ-१ विद्यार्थ्यांना साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर लागत नाही. खोलीबरोबर मिळणाऱ्या माझ्या छोट्या स्टायपेंडमधून तो कापला जात होता, कारण नव्या नोकरीबरोबर पेरोलमध्ये माझी नोंदही नवी झाली होती. मेल, फॉर्म, पुन्हा मेल. पैसे डिसेंबरात परत आले.

प्रबंधाचं काय झालं, हा प्रश्न सगळे विचारतात. खोलीत बसून मी एक ओळही लिहू शकले नाही. दार उघडं ठेवलं की कुणीतरी येतं, बंद ठेवलं की बंद का ठेवलं याचा विचार येतो. नोव्हेंबरपासून सकाळी साडेसात ते बारा लायब्ररी ठरवून टाकली. त्या वेळात अंडरग्रॅड जगात नसतातच. एक प्रकरण पूर्ण झालं, दुसरं रेंगाळलं. कॉन्फरन्सच्या आठवड्यात नेमकी माझी ड्यूटी आली आणि अदलाबदलीला कुणी मिळेना, तेव्हा प्रत्यक्ष जाऊन बोलायचं ते मी झूमवरून बोलले. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं.

मेमध्ये खोल्या रिकाम्या करून घेणं हे शेवटचं काम. यादी घेऊन प्रत्येक खोलीत जायचं, गादी, टेबल, जाळीचा पडदा, भिंतीवरचे डाग तपासायचे, मुलाची सही घ्यायची. पाठ मोडते. चालण्याचे बूट घाला आणि मोठी कचऱ्याची पिशवी बरोबर ठेवा. मुलं काय काय टाकून जातात त्याला मर्यादा नाही. मला दोन राइस कुकर आणि एक चालू स्थितीतला प्रिंटर मिळाला.

मी आणखी एका वर्षासाठी सही केली आहे. या वेळी सही करण्याआधी मेलवर दोन गोष्टी मागितल्या : कॉन्फरन्सच्या तारखांना ड्यूटी नको, आणि उन्हाळ्यात दोन करारांच्या मधल्या काळात सामान खोलीतच राहू द्या. पहिलीला लगेच हो म्हणाले. दुसरीला 'फॅसिलिटीजला (इमारतींची देखभाल बघणाऱ्या विभागाला) विचारतो' असं उत्तर आलंय, अजून तिथेच आहे. तुमच्याकडेही अर्ज बहुधा जानेवारीत उघडेल. इंटरनॅशनल ऑफिसची वेळ डिसेंबरच्या सुट्टीआधीच घ्या, जानेवारीत तिथे रांग असते.